काचेवरचं कुंकू

विद्यापीठाच्या ग्रंथालयात आमच्या तळघराला तळघर म्हणायची सोय नाही. दारावर ‘अभिलेख विभाग’ अशी पाटी आहे. पाटी भारदस्त असली तरी आत शिरलं की वास तळघराचाच येतो. जुना कागद, ओल आणि झुरळांचं औषध. या वासात माझी सत्तावीस वर्षं गेली. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. गुडघे दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले. धुळीनं सकाळी अकरापर्यंत शिंका येतात, नंतर शिंकायचाही कंटाळा येतो. काय काम करता असं कुणी विचारलं तर मी सांगते, लोकांच्या घरातल्या वस्तू सांभाळते. पूर्वी हे सांगताना मला बरं वाटायचं.

आता सांभाळते म्हणजे अगदी खरोखर सांभाळते. दौंडच्या एका इंजिन ड्रायव्हरच्या घरून आलेला हातकंदील आमच्याकडे आहे, एका अंगाला लाल आणि दुसऱ्या अंगाला हिरवी काच असलेला. त्याच्याबरोबर एक ग्रुप फोटो आला. वाफेच्या इंजिनापुढे ओळीनं उभी राहिलेली माणसं, कपडे धुऊन इस्त्री केलेले आणि नखं काळी. शिरूरच्या एका शाळेतली तासाची पितळी थाळी आहे, टोले खाऊन खाऊन मधोमध खोलगट झालेली. धान्य मापायच्या लाकडी पायल्या तर इतक्या आल्या की शेवटी साहेबांनी सांगितलं, आता पायली घेऊ नका. प्रत्येक वस्तूला नंबर, प्रत्येक वस्तूला डबा, डब्यात ओल शोषणारी पुडी. वर्षातून दोनदा कुणीतरी संशोधक येतो, पांढरे हातमोजे घालतो, चार फोटो काढतो आणि जाताना कँटीनचा चहा फार पाणचट आहे म्हणून सांगतो.

वर्षातून तीन-चारदा आम्ही गावोगाव शिबिरं घेतो. आदल्या आठवड्यात दवंडीसारखं व्हॉट्सॲपवर फिरतं, की विद्यापीठाची माणसं येणार आहेत, जुन्या वस्तू आणि फोटो घेऊन या. मग लोक हातात पिशवी घेऊन येतात आणि पिशवी उघडण्याआधी आम्हालाच विचारतात, चहा झाला का. मला हे शिबिराचं काम एके काळी फार आवडायचं. आता मी टेबलामागे बसल्या बसल्या पाठीला कुठे टेकता येईल ते आधी बघते.

दौंड तालुक्यातल्या राहू गावचं शिबिर देवळाच्या सभामंडपात होतं. दुपारी गर्दी ओसरल्यावर पांढरे कडक कपडे घातलेले एक पन्नाशीचे गृहस्थ आले. गावच्या विकास सोसायटीच्या राजकारणात चांगले मुरलेले असावेत, कारण ते मंडपात शिरल्यावर दोघं खुर्चीतून उठले. त्यांच्या मागून एकानं टॉवेलात गुंडाळलेली मोठी फ्रेम आणली. उघडून पाहिलं तर गुऱ्हाळाचा फोटो. बैलांवर चालणारा, ऊस पिळायचा लाकडी चरक, त्याच्या शेजारी उसाच्या मोळ्या, मागे रस आटवायची, वाफेत बुडालेली काहील, आणि चरकाला हात टेकून उभी असलेली एक बाई, कडेवर लेकरू. लाकडी चरक चालू असतानाचा इतका स्वच्छ फोटो आमच्याकडे नव्हता. आमचे साहेब खुर्ची सरकवून पुढे आले, त्यावरूनच मी ओळखलं की हा फोटो आता जात नाही.

“ही आमची आई. कडंवर मी हाय,” ते गृहस्थ म्हणाले. “कोन एक फोटोवाला परदर्शनासाठी चरकाचा फोटू काढाया आला हुता. आई आपली मधीच हुबी राहिली. आईचा ह्यो एवढाच फोटू. पर मॅडम, नाव लागलं पायजे बरं का. ‘यांच्या सौजन्याने’ असं.”

“लागेल ना,” मी म्हटलं.

आई चेहऱ्यानं कशी होती ते मात्र त्या फोटोत दिसत नव्हतं. अख्ख्या फोटोत तिचा चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा, आणि नेमका त्याच्यावर, काचेवर, कुंकवाचा गोळा होता. टिकली नव्हे, गोळा. वर्षानुवर्षं पाण्याचं बोट कुंकवात बुडवून एकाच जागी टेकवत राहिलं की लाखेसारखा टणक थर चढतो, तसा. बाई सवाष्ण गेलेली, म्हणून फोटोला कुंकू. हे आमच्याकडे घरोघरी असतं, त्यात मला नवल वाटायचं कारण नव्हतं.

देणगीच्या कागदावर लिहिलेलं असतं की मूळ वस्तू कायमची ग्रंथालयाची होईल आणि घरच्यांना प्रत मिळेल. हे वाचून दाखवायचा नियम आहे. पण चार वाजून गेले होते, ऊन मंडपात शिरलं होतं आणि माझं डोकं दुखत होतं. मी कागद वळवून त्यांच्यापुढे केला आणि सहीच्या जागी बोट ठेवलं. त्यांनी झोकात सही केली. साहेबांनी शाल दिली, नारळ दिला, तिघा-चौघांनी मोबाईलवर फोटो काढले. घरी म्हाताऱ्या वडलांना त्या गृहस्थांनी सांगितलं होतं की कॉपी काढून आठ दिवसांत फोटो परत येतोय. हे मला फार नंतर कळलं.

फोटो आमच्याकडे आला की पहिलं काम म्हणजे त्याला फ्रेमीतून सोडवायचं. काचेला फोटो चिकटतो, मागच्या पुठ्ठ्यानं पिवळा पडतो, लाकडात वाळवी असते. म्हणून फ्रेम, काच आणि पुठ्ठा टाकून द्यायचे आणि फोटो तेवढा ठेवायचा. त्या शुक्रवारी माझ्या टेबलावर तीन गावांच्या फ्रेमा होत्या आणि सोमवारी तपासणी होती. मी एकामागून एक खिळे उपसत होते. गुऱ्हाळाच्या फोटोची काच उचलली आणि कुंकवाच्या खालून त्या बाईचा चेहरा निघाला. मी मिनिटभर हातातलं काम थांबवलं. लांबट चेहरा, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, आणि फोटोवाल्याकडे बघून हसावं की न हसावं अशा पेचात पडलेली. मला खरंच आनंद झाला. किती वर्षांनी तिला मोकळी हवा लागली असेल, असं काहीतरी मनात आलं आणि मी स्वतःवरच खूष झाले. मग काच भंगाराच्या पोत्यात ठेवली. टाकली म्हणत नाही, कारण काच टाकली तर फुटते आणि पोतं उचलणाऱ्याचा हात कापतो. तेवढी काळजी मला होती.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती लपवून हे सगळं लिहिण्यात काही अर्थ नाही. मी मूळची कवठे येमाईची. आमच्या माहेरच्या घरात वडलांचा फोटो आहे. त्याच्या काचेवर रोज गंध लागतं, आणि दिवाळीच्या साफसफाईतही त्या गंधाभोवतीनंच फडकं फिरतं. सत्तावीस वर्षांत मी दौंड आणि शिरूर हे दोन्ही तालुके पालथे घातले, लोकांना समजावलं की घरी वाळवी लागेल त्यापेक्षा आमच्याकडे द्या, आणि स्वतःच्या घरातला एकही फोटो दिला नाही. कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, भावाला आवडायचं नाही. खरं कारण मला माहीत होतं. आमच्याकडे आलेल्या फोटोचं पुढे काय होतं ते मीच तर करत होते.

शिबिरानंतर पंधरा दिवसांनी पहिला फोन आला. त्या गृहस्थांची बायको बोलत होती.

“मॅडम, त्यो गुऱ्हाळाचा फोटू झाला का? आबा ईचारत्यात.”

आबा म्हणजे तिचे सासरे, फोटोतल्या बाईचे नवरे. मी सांगितलं, स्कॅनिंग चालू आहे. ते चालू नव्हतं, मशीन बंद होतं. महिन्यानं पुन्हा फोन. मग दर सोमवारी. ती बिचारी कधी आवाज चढवून बोलली नाही, उलट फोन केल्याबद्दल दर वेळी आधी माफी मागायची. “आबा सकाळी उठून भिताडाकडं जात्यात आन् मोकळ्या खिळ्याला हात लावून माघारी येत्यात,” असं एकदा म्हणाली. एकदा म्हणाली, “आज जेवलं न्हाईत.” मी प्रत छापून पाठवली, उत्तम कागदावर, मूळ फोटोपेक्षाही स्वच्छ. ती पोचली त्याच दिवशी फोन आला. आबांनी कागद हातात घेतला, बोटांनी चाचपला आणि म्हणाले, हे कायतरी दुसरंच हाय, माझी आना.

माझ्या मनानं घेतलं ते असं, की म्हाताऱ्याला मूळ फोटोच हवा आहे. बरोबरच आहे, बायकोचा एकुलता एक फोटो. मग मी कधी नव्हे ती हट्टाला पेटले. आमच्याकडून वस्तू परत जाण्याचा रिवाज नाही. एका वस्तूची परतीची फाईल चार टेबलांवरून जाते आणि प्रत्येक टेबलाला वाटतं, ही आपल्या आधीच्या टेबलानं अडवायला हवी होती. साहेब म्हणाले, “अहो, त्यांनी सही केलीय. उद्या दौंडवाले कंदील मागतील, मग काय करायचं?” मी म्हटलं, देऊ. ते हसले, मी नाही हसले. समितीपुढे दोनदा उभी राहिले. गुडघे धरून उभी राहिले म्हटलं तरी चालेल. देणगीचा कागद मी वाचून दाखवला नव्हता, हेही तिथे सांगितलं, त्याबद्दल लेखी समज मिळाली. अकरा महिन्यांनी परतीचा कागद हातात पडला तेव्हा आनंद व्हावा इतकी ताकदही माझ्यात उरली नव्हती. फक्त वाटलं, चला, एक काम तरी सरळ झालं.

फोटोला नवीन फ्रेम मीच करून घेतली, पदरचे पैसे घालून. पुढे काचेऐवजी ती न फुटणारी, न चमकणारी, धूळ न धरणारी पारदर्शक प्लॅस्टिकची पाटी. आमच्या धंद्यात याहून चांगलं काही नाही. कुरिअरनं पाठवता आली असती, पण मी स्वतः जायचं ठरवलं. शनिवारी सकाळी वाघोलीवरून केसनंदच्या रस्त्यानं निघाले, फ्रेम मांडीवर घेऊन. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, धूळ, आणि मध्ये एके ठिकाणी पाऊण तास गाडी जागची हलेना. वैताग आला, पण त्या वैतागाच्या खाली कुठेतरी मी कौतुकाची वाट बघत होते, हेही खरं आहे.

घर वस्तीवर होतं. नवा बंगला, पुढे ट्रॅक्टर, ओट्यावर कांद्याच्या पिशव्या. सोसायटीवाले गृहस्थ मीटिंगला शिरूरला गेले होते. सूनबाई पदराला हात पुसत बाहेर आली आणि माझ्या हातातली फ्रेम पाहून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“आबा, फोटू आला वं! मॅडम सोता घिऊन आल्यात.”

आतल्या खोलीत खाटेवर आबा बसले होते. उंच, वाळलेले, अंगात स्वच्छ बंडी. हाक ऐकून ते उठले आणि भिंतीला हात लावत लावत आले. माझ्याकडे आले नाहीत, माझ्या शेजारच्या खांबाकडे तोंड करून त्यांनी हात जोडले. तेव्हा मला कळलं.

“काचबिंदू,” सूनबाई हळूच म्हणाली. “आठ वर्सं झाली. दिवा लावलाय का न्हाई तेवढंच समजतं.”

अकरा महिने ही बाई मला फोन करत होती आणि तिला वाटत होतं, हे मला माहीत आहे. मी कधी विचारलंच नव्हतं.

तिनं फ्रेम पुसली आणि पुसता पुसता थांबली. तोंडाजवळ नेऊन सासूचा चेहरा बघत राहिली.

“अगं बया,” ती म्हणाली, “ह्या आत्या व्हय? मी लगीन होऊन आले तवा आत्या न्हवत्या. सव्वीस वर्सं ह्यो फोटू रोज बगितला, पर त्वांड आज दिसतंय. मॅडम, आमच्या धाकट्या पोरीचं नाक बगा, हेच हाय की.”

मी सुखावले. इतक्या दूर आल्याचं सार्थक झालं, असं वाटण्याइतका वेळ मला मिळाला.

आबा म्हणाले, “लाव जाग्याव.”

तिनं फोटो जुन्या खिळ्याला अडकवला. तो खिळा मुद्दाम खाली, आबांच्या छातीच्या उंचीवर होता. आबा पुढे झाले. डाव्या हातानं त्यांनी फ्रेमीचा कोपरा धरला, आणि उजव्या हाताचं बोट त्या पाटीवर ठेवलं, अगदी नेमक्या जागी. मग बोट थोडं खाली गेलं. मग वर. डावीकडे. पाटी गुळगुळीत होती. त्यांनी दुसरं बोट टेकवलं, मग सगळा तळवा फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि पुन्हा पहिल्या जागी बोट आणून ठेवलं.

“ही न्हाई,” ते म्हणाले.

“आबा, तीच हाय वं,” सूनबाई म्हणाली. “मी बगतीय न्हवं. चरक हाय, काईल हाय, ह्यास्नी कडंवर घ्येतलंय.”

“असंल. पर ही न्हाई.” मग माझ्याकडे, म्हणजे खांबाकडे वळून म्हणाले, “बाई, काच कुठं हाय वं?”

सूनबाईला माझ्या तोंडाकडे बघूनच समजलं असावं, कारण आबांच्या मागे उभी राहून तिनं मला खूण केली. दोन्ही हातांच्या मुठी करून, झटक्यानं उघडून, फुटली म्हणा. बोलण्यासारखं होतं ते. वाटेत फुटली, आबा. काच आहे, फुटतेच. म्हाताऱ्यानं मान हलवली असती आणि मी चहा पिऊन निघाले असते.

“मी टाकली,” मी म्हटलं. “आमच्याकडे काच ठेवत नाहीत. मीच काढली आणि टाकली.”

“कुकू हुतं तिच्याव.”

“हो. पाहिलं होतं मी.”

ते खाटेवर जाऊन बसले आणि हात मांडीवर पालथे ठेवले. मग त्यांनी विचारलं, “तुमी कुठल्या?”

“कवठे येमाईची.”

“म्हंजी आपल्याकडच्याच की,” ते म्हणाले. “मंग तुमाला म्हाईत आसंल.”

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. आवाजात राग नव्हताच. समोरच्याला ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगायचे कष्ट वाचले, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. शहरातल्या शिकलेल्या बाईला कळलं नसेल, अशी त्यांनी मला माझ्या नकळत जी सूट देऊन ठेवली होती, ती त्यांनी त्या एका वाक्यात काढून घेतली. मला लाज वाटली. सत्तावीस वर्षांत इतकी कधी वाटली नव्हती.

मग त्यांनीच सांगितलं, मी न विचारता. बायको गेली त्याच्या तेराव्या दिवशी त्यांनी त्या फोटोला पहिलं बोट लावलं. तिला कुंकू लग्नात एकदा लावलं होतं, मधल्या काळात कधी नाही. गडी माणूस बायकोला कुंकू लावत बसत नाही, लोक हसले असते. ती गेल्यावर रोज लावायला लागले. डोळे गेले तोवर त्याचा चांगला उंचवटा झाला होता. “डोळं गेलं तवा मला कायबी वाटलं न्हाई,” ते म्हणाले. “हिथं आलो, बोट ठिवलं, का घावायची. त्येवढी मोठी झाली हुती. आता त्येवढी वर्सं कुठनं आनू?”

सूनबाई तोंडात पदर धरून उभी होती. मी क्षमा मागितली, ती त्यांनी हातानंच बाजूला सारली, माशी सारावी तशी. मग म्हणाले, “करंडा आन.”

करंडा आला, वाटीत पाणी आलं. ते पुन्हा फोटोपुढे उभे राहिले. बोट बुडवलं, कुंकवात दाबलं आणि हवेतच थांबले.

“बाई, तुमास्नी दिसतीय न्हवं? दावा कुठं हाय ती.”

मी त्यांचं मनगट धरलं. हाडं आणि कातडी. बोट त्या लहानशा चेहऱ्यावर नेऊन टेकवलं. त्यांनी दाबून धरलं, पुष्कळ वेळ. काढलं तेव्हा कुंकू त्या पाटीवर ठरलं नाही. न चिकटणारं, धूळ न धरणारं, आमच्या धंद्यातलं सगळ्यात चांगलं. लाल पाण्याचा एक ओघळ चरकावरून खाली गेला. मी रुमालानं पुसायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

“लागलं का?” त्यांनी विचारलं.

“लागलं,” मी म्हटलं.

सोमवारी कामावर जाऊन मी आधी भंगाराच्या खोलीत गेले. अकरा महिन्यांपूर्वीचं पोतं तिथे नसणार हे माहीत होतं, तरी गेले. मग नोंदवही काढली. त्या फोटोपुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘काचेवर कुंकवाचा जाड थर. काच काढून नष्ट केली. छायाचित्रातील स्त्रीचा चेहरा आता स्पष्ट दिसतो. स्थिती उत्तम.’ सुवाच्य अक्षर, खाली सही. माझ्या अक्षराचं साहेब नेहमी कौतुक करतात. गॅरेजातला मिस्त्री जसा गाडीच्या खाली शिरतो तशी मी त्या दिवशी टेबलावर वाकून संध्याकाळपर्यंत काम केलं.

त्याच आठवड्यात राहूच्याच बाजारातून साधी काच कापून आणून बसवायला मी सूनबाईला सांगितलं, आणि तिनं ती बसवली. पैसे पाठवते म्हटलं तर रागावली.

तीन आठवड्यांनी तिचा फोन आला. या वेळी तिनं आधी माफी मागितली नाही.

“मॅडम, काय करू सांगा. आबा दिसभर कुकू लावत्यात. सकाळी, दुपारी, तिन्हीसांजंला. जेवता जेवता उठत्यात. म्या म्हनलं आबा रोज एकदा लावा, तर म्हन्त्यात, एकदानं कवा हुयाचं, माझ्याकडं दिस हायेत का त्येवढे? आन् रोज बोट दुसरीकडंच पडतंय. चरक झाकला, काईल झाकली, ह्ये कडंवर हुते त्ये बी झाकलं. नुसतं लाल झालंय वं सगळं. आत्याचं त्वांड आत्ता कुठं दिसाया लागलं हुतं. पोरी म्हन्त्यात, आई, आज्जी पुसून काढ.” मग हळूच म्हणाली, “आबा निजल्याव ओल्या फडक्यानं पुसू का? नीट एकाच जाग्याव ठिवते मग. तुमचं शिक्षान काय म्हन्तं?”

माझं शिक्षण काय म्हणतं ते मला तोंडपाठ होतं.

“पुसू नका,” मी म्हटलं. “चेहरा मी तुम्हाला मोबाईलवर पाठवते, मुलींना दाखवा, मोठा करून लावा हवा तर. पण त्या काचेला हात लावू नका.”

“बरं,” ती म्हणाली. तिला ते फारसं पटलेलं नव्हतं.

“त्यांना काही लागतंय का हाताला?”

“इतके दिस न्हाई लागलं. रोज हात फिरवायचं आन् न्हाई म्हनायचं.” तिचा आवाज जरा उतरला. “आज सकाळच्याला मी भाकरी करीत हुते. आतनं हाक आली म्हनून पळत गेले. तर काचंच्या पार कडंला, जिथं फोटूत नुसतं आभाळ हाय न्हवं का, तिथं बोट ठिवून हुबे. मला म्हनले, हळू बोल. आली.”